शाळा कोणाची : पुढाऱ्याची की पंतोजीची?

१/
जून १८५६. धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. इतरांप्रमाणे फी भरण्यास तो तयार होता. त्याने थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. सर्वसामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने स्वीकारावी, असे वूडचा खलिता दोनच वर्षांपूर्वी, १८५४ साली, सांगून गेला होता. तरीही अर्ज नामंजूर झाला.

२/
सरकारने दिलेले कारण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे, हे सरकारने मान्य केले. परंतु एका मुलाला आत घेतले तर उरलेली मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, अशी भीती पुढे केली. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा निर्णय रुचला नाही. पुढे लंडनच्या संचालक मंडळानेही सरकारी शाळा जातिभेद न मानता सर्वांना खुल्या आहेत, असे बजावले. तत्त्व ठरले आणि कागदावर राहिले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, पुढे ज्यांना जग डॉ. आंबेडकर म्हणून ओळखणार होते तो मुलगा साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता, आणि शिपाई हजर नसला की दिवसभर त्याच्या घशाला पाणी मिळत नव्हते.

३/
पाठ्यपुस्तक बदलले, बदल्यांचे आदेश निघाले, कमी पटाची शाळा शेजारच्या शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू झाली, की एक वाक्य हमखास कानावर येते : राजकारण्यांनी शाळांतून हात काढावेत आणि शाळा शिक्षकांच्या स्वाधीन कराव्यात. वाक्य आकर्षक आहे. महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासापुढे ते ठेवून पाहिले तर मात्र अर्धेच टिकते. शाळेचे दार कोणासाठी उघडावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा राजकारणाचाच प्रश्न आहे. सत्तेने तो टाळला तेव्हा दार बंदच राहिले. वर्गाच्या आत काय घडावे आणि कोणता शिक्षक कोठे असावा, यात मात्र सत्ता शिरली तेव्हा शिकवणे बिघडले. या धाग्यात या दोन्ही गोष्टींचे पुरावे पाहू.

४/
आधी जुना काळ. इंग्रजी अमलापूर्वी आणि नंतरही बरीच वर्षे गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वाचायची, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी तालात म्हणायची. वर कोणी इन्स्पेक्टर नाही, अभ्यासक्रम नाही, परिपत्रक नाही. पंतोजीचे वेतन म्हणजे पालकांनी दिलेले धान्य आणि थोडेफार रोख. शिक्षकाची स्वायत्तता म्हणतात ती याहून पूर्ण कोठे सापडायची? पण या शाळेत बसत कोण असे? ज्यांच्या घरी हिशेब, लेखणी किंवा दुकान होते, प्रामुख्याने त्यांची मुले. मुली जवळजवळ नाहीत. अस्पृश्यांचा तर प्रश्नच नव्हता. पंतोजी दुष्ट होता असे नव्हे. त्याचे पोट ज्या घरांवर होते, त्या घरांच्या मर्जीबाहेर तो जाऊ शकत नव्हता.

५/
१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले आणि पंतोजीच्या जागी ‘मास्तर’ आला. मास्तरावर डेप्युटी इन्स्पेक्टर आला, ज्याला लोक ‘दिपोटी’ म्हणत. आता शाळा कशी चालावी हे खाते ठरवू लागले, आणि त्यातूनच एक विलायती प्रयोग येथे येऊन पोहोचला.

६/
१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो या राजकारण्याने शाळांच्या अनुदानाचे नवे नियम अमलात आणले. अनुदान हवे तर मुलांची हजेरी दाखवा, आणि इन्स्पेक्टरसमोर वाचन, लेखन व अंकगणितात मुले पास करून दाखवा. जितकी मुले उत्तीर्ण, तितकी रक्कम. निकालानुसार वेतन, असे या पद्धतीचे नाव पडले. हिशेबी माणसाला ही योजना फार न्याय्य वाटते : काम दाखवा, पैसे घ्या. प्रत्यक्षात शिक्षकांनी तेच केले जे त्यांच्या जागी कोणीही केले असते. परीक्षेला येणारा उतारा मुलांकडून घोकून घेतला, जे विषय मोजले जात नव्हते ते सोडून दिले, आणि कच्च्या मुलांकडे ‘तोट्याचा माल’ म्हणून पाहायला सुरुवात केली. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळांचे इन्स्पेक्टर होते. शिकवणे यांत्रिक झाल्याची तक्रार त्यांनी आपल्या अहवालांतून वारंवार केली. ऐकले गेले, पण तीन दशकांनी.

७/
हीच पद्धत मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही लागू झाली. इंग्लंडने तिचा नाद सोडल्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभी, ती येथूनही गेली. ‘परीक्षेपुरते शिकवणे’ ही सवय मात्र आजही अनेक वर्गांत टिकून आहे. गंमत अशी की आजचा राजकारणी याच सवयीबद्दल शिक्षकाला दोष देतो. ही सवय एका राजकारण्याच्या नियमाने वर्गात पक्की केली होती, हे त्याला कोणी सांगत नाही.

८/
आता १८८२. हंटर आयोग देशभर साक्षी घेत होता. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे जोतीराव फुले यांचे निवेदन आयोगापुढे आले. या प्रश्नावर महाराष्ट्रात लिहिल्या गेलेल्या मजकुरात याच्या तोडीचे फार थोडे आहे. कारण जोतीराव दोन्ही बाजूंनी बोलू शकत होते. १८४८ पासून त्यांनी मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्या, चालवल्या, त्यांत शिकवले. म्हणजे ते शिक्षक. आणि १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य. म्हणजे, त्या काळात जितके होता येत होते तितके, राजकारणी.

९/
निवेदनाचा पहिला घाव पैशावर आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. दुसरा घाव शिक्षकांवर. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण; शेतकऱ्याच्या पोरांशी त्यांचा मनाचा धागा जुळत नाही. म्हणून शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, प्रसंगी नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला न लाजणारे असावेत. त्यांना दरमहा किमान १२ रुपये, आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार मिळावा. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही धडे असावेत.

१०/
शिक्षकांची बाजू घेणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. शिक्षक कोणत्या समाजातून यावा, हा प्रश्न शिक्षकांच्या संघटनेने सोडवलेला नाही; तो एका समाजसुधारकाने सरकारच्या दारात नेऊन ठेवला. त्या वेळच्या शिक्षकांना मतदानाने ठरवू दिले असते, तर उत्तर काय आले असते याचा अंदाज धारवाडवरून करता येतो.

११/
आणि राजकारण्यांची बाजू घेणाऱ्यांनीही थांबावे. शहरातील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांकडून घ्यावा, असे जोतीराव म्हणतात. मात्र त्यांचा कारभार कोणत्याही परिस्थितीत सर्वस्वी नगरपालिकांच्या हाती देऊ नये, त्यांच्यावर शिक्षणखात्याची देखरेख असावी, असे लगेच बजावतात. हे म्हणणारा माणूस बाहेरून टीका करणारा नव्हता. वर्षानुवर्षे त्याच नगरपालिकेच्या बैठकांत बसलेला होता. स्थानिक सत्ता म्हणजे कोणाची सत्ता, हे त्याने जवळून पाहिले होते.

१२/
जोतीरावांच्या सूचना आजच्या कोणत्याही गटाला जशाच्या तशा सोयीच्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. गावच्या शिक्षकाला कुलकर्ण्याचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी जादा कामे द्यावीत, त्याने त्याचे गावातील वजन वाढेल, असे त्यांनी सुचवले. अशैक्षणिक कामांनी पिचलेल्या आजच्या शिक्षकाला हे वाचून धक्काच बसेल. पण ‘कुलकर्ण्याचे हिशेब तपासणे’ हे शब्द पुन्हा वाचावेत. आज शिक्षकाला मिळते ते कारकुनाचे काम. जोतीराव त्याला गावच्या कारकुनावरचा तपासनीस करू पाहत होते. जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकाला खास भत्ता द्यावा, असेही ते म्हणतात. मात्र हा भत्ता नियमित पगारावरचा होता. लोच्या योजनेत शाळेचा चरितार्थच निकालावर टांगलेला होता. हा फरक लहान नाही.

१३/
आयोगाने काय केले? त्या वेळी लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याचे वारे होते. प्राथमिक शिक्षण नगरपालिका आणि स्थानिक मंडळांकडे सोपवावे, अशीच शिफारस आयोगाने केली.

१४/
त्याच काळात पुण्यात उलट टोकाचा प्रयोग सुरू होता : शिक्षकांनी शिक्षकांसाठी चालवलेली शाळा. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. संस्थेचे आजीव सदस्य हेच शिक्षक, हेच कारभारी. अल्प वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे संस्थेला द्यायची, हा करार. शिक्षकांच्या स्वराज्याचे याहून उजळ उदाहरण मराठी मुलखात सांगता येणार नाही.

१५/
त्या स्वराज्यातही राजकारण होतेच. वेतन, बाहेरची कामे, संस्थेचे ध्येय आणि सामाजिक मते यांवरून सदस्यांत इतके वितुष्ट आले की १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. शिक्षकांच्या हाती कारभार दिला की राजकारण संपते, या समजुतीला हे एक उदाहरण पुरेसे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही शाळा उत्तम होती, पण ती पुण्यात होती आणि फी भरू शकणाऱ्यांची होती. मावळातल्या किंवा माणदेशातल्या खेड्यात शाळा उघडणे हे कितीही त्यागी शिक्षकांच्या संस्थेच्या आवाक्यातले काम नव्हते. त्यासाठी कर बसवण्याचा अधिकार लागतो.

१६/
हे सर्वांत आधी उमगले ते याच संस्थेतील एका शिक्षकाला. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत तेथे शिकवत होते. नंतर ते केंद्रीय विधिमंडळात गेले आणि मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी अगदी माफक : ज्या भागात पुरेशी मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथे स्थानिक संस्थेने सरकारच्या परवानगीने ६ ते १० वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले, आणि विरोधात केवळ सरकारी सदस्य नव्हते. वीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस सभागृहात जाऊन कायदा मागतो, ही घटना ‘शिक्षक की राजकारणी’ या प्रश्नाची मांडणीच चुकीची ठरवते.

१७/
जे कलकत्त्यात जमले नाही ते कोल्हापुरात झाले. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचे ठरले. अस्पृश्यांना समानतेने वागवणे ज्या नोकरांना पटत नसेल त्यांनी खुशाल राजीनामा द्यावा, असेही महाराजांनी बजावले. धारवाडच्या वेळी लंडनहून आलेला हुकूम आणि हा हुकूम यांच्या अर्थात फारसा फरक नाही. फरक आहे तो मागे उभ्या राहिलेल्या इच्छेत, तिजोरीत आणि न पाळणाऱ्याच्या नोकरीवर येणाऱ्या गदेत. ज्यांना कोणतीही राजकीय ढवळाढवळ शिक्षणाचा घात करते असे वाटते, त्यांनी कोल्हापूरचे हे पान वगळून बोलू नये.

१८/
महाराज निवडून आलेले नव्हते, हा आक्षेप योग्य आहे. निवडून आलेल्यांचे काय झाले? सुधारणा कायद्यानंतर शिक्षण हे लोकनियुक्त मंत्र्याकडे आले आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य. म्हणजे पुन्हा एक शिक्षकच! त्यांच्या कारकिर्दीत, १९२३ च्या कायद्याने, प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यात गेल्या. जोतीरावांनी नको म्हटलेली गोष्ट एका नामांकित शिक्षकाच्या हातून पूर्ण झाली. त्या मंडळांत काय वाद होऊ शकत, याची चुणूक पुण्याने आधीच दाखवली होती : सक्तीचे शिक्षण मुलींनाही लागू करावे की पैशाअभावी आधी मुलांनाच, यावरून १९२० च्या सुमारास शहर दुभंगले होते आणि आधी मुलांना म्हणणाऱ्या पक्षात खुद्द टिळक होते.

१९/
१९२९ च्या हार्टोग समितीने देशाचा आकडा मांडला : १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोहोचली ती केवळ १८. शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे फार सढळपणे सोपवला गेला, असेही समितीचे मत पडले. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कायदा दुरुस्त करून लगाम पुन्हा आपल्याकडे ओढला. पुढे १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातील शाळा त्यांच्याकडे गेल्या. गेल्या शतकभरात शाळेची दोरी मंडळाकडून सरकारकडे आणि सरकारकडून परिषदेकडे अशी फिरत राहिली.

२०/
या फेऱ्यांत शिक्षकाच्या वाट्याला जी एक गोष्ट कायम आली ती म्हणजे बदली. बदलीचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती शिक्षकाचे घर, जोडीदाराची नोकरी, म्हाताऱ्या आईबापांची सोय. निवडणुकीत कोणाचे काम केले आणि कोणाचे टाळले, याचा हिशेब तालुक्याच्या टोकाला असलेल्या दोनशिक्षकी शाळेवर पाठवून चुकता करता येतो. अशा पदाला शिकवण्याच्या गुणवत्तेशी काही देणेघेणे उरत नाही. २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. त्या पद्धतीतही तक्रारी आहेत, परंतु पुढाऱ्याच्या वाड्यावर खेटे घालण्याची गरज तिने बरीच कमी केली. राजकारण्यांना शाळेपासून कोठे दूर ठेवायचे, याचे हे नेमके ठिकाण आहे. आणि ते दूर राहिले म्हणून एकाही मुलाचे नुकसान झालेले नाही.

२१/
मग शिक्षकांचा आवाज कोठे असावा? राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ ने विधान परिषदेत शिक्षकांसाठी मतदारसंघ दिले. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा ७ जागा आहेत. शिक्षक आमदार पगार, अनुदान, सेवाशर्ती यांवर बोलतात आणि बोललेच पाहिजे. पण या जागांसाठी मत देण्याचा अधिकार माध्यमिक आणि त्यावरील संस्थांत शिकवणाऱ्यांनाच आहे. पहिली ते चौथीच्या जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, ज्याच्यासाठी जोतीराव १२ रुपये मागत होते, तो या यादीत नाही.

२२/
तिसरा पक्षही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. शिक्षक आणि लोकप्रतिनिधी दोघेही उरलेल्या चतुर्थांशात. कागदावर पाहिले तर धारवाडच्या त्या मुलाच्या बापाला शाळेच्या कारभारात बसवणारी ही पहिली तरतूद. समितीच्या बैठका अनेक गावांत सह्यांपुरत्या होतात, हे खरे. पण दार उघडण्याचा हुकूम सत्तेचा, शिकवण्याचा अधिकार शिक्षकाचा आणि दोघांना जाब विचारण्याचा हक्क पालकाचा, ही वाटणी पहिल्यांदा कायद्यात उतरली ती येथे. तिला दात देणे हे आजच्या विधिमंडळाचे काम आहे, अभ्यासक्रमातील धडे मोजत बसणे नव्हे.

२३/
त्याच कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत. निवडणूक हा अपवाद असल्यामुळे प्राथमिक शिक्षक मतदार याद्यांसाठी घरोघर फिरतो, मतदान केंद्रावर रात्रीपासून मुक्काम करतो, पेट्या जमा करून पहाटे घरी येतो. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक लागली की त्या केंद्रावरही त्याची ड्युटी लागू शकते. यादीत मात्र त्याचे नाव नसते.